चालण्यापुरती जागा

निपाणीजवळच्या एका गावात मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मला जीबीएस हा आजार झाला. आपल्याच अंगातली रोगाशी लढणारी शक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि तळपायापासून वर वर सगळं लुळं पडत जातं. आजाराबद्दल एवढंच पुरे. बाकीचं तुमचे डॉक्टर माझ्यापेक्षा नीट सांगतील.

मला लिहायचं आहे ते दवाखान्यातून सोडल्यानंतरचं. घरी पाठवताना जो कागद देतात त्यावर शेवटची ओळ असते, ‘रोज चालणे’. ती वाचून मला बरं वाटलं होतं. गोळ्यांसारखं हेही वेळेवर घेता येईल असं वाटलं. चालायचं कुठं, हा प्रश्न पडायला दोन आठवडे लागले, आणि उत्तर शोधता शोधता वर्ष संपत आलं. तुम्हीही शोधत असाल तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून लिहितो. मी पूर्ण बरा झालेलो नाही, हे आधीच सांगतो.

एक चप्पल

मी पळायचो. शाळा सुटली की गावापासून हायवेच्या पुलापर्यंत जाऊन परत. आमच्याकडं पळणारा माणूस म्हणजे सैन्यभरतीची तयारी करणारा पोरगा. चाळिशी उलटल्यावर मी पळायला लागलो तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं विचारायची, "सर, आता कुठली भरती?" मी हसून पुढं जायचो. रस्ता चढाचा आहे की उताराचा, खडी कुठं उखडली आहे, यातलं काहीच त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नाही.

एका सकाळी नववीच्या वर्गात शिरलो आणि पोरं खुसखुसायला लागली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमची एक चप्पल कुठाय?" उजवी चप्पल व्हरांड्यात पडली होती आणि मी तसाच चालत आलो होतो. मला कळलंच नव्हतं. पोरांबरोबर मीही हसलो.

घरी आई म्हणाली, "नस चढलीया रं. पळून पळून दुसरं काय व्हनार?" शेजारच्या गावात नस उतरवणारे एक म्हातारे आहेत. विज्ञानाचा शिक्षक असून मी त्यांच्याकडं गेलो. दोन दिवस त्यांनी गरम तेलानं पिंढऱ्या रगडल्या. माणूस चांगला होता, पण माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसलो तो उठता येईना. भिंत धरली, बादली धरली, नळ धरला. शेवटी बायकोला, सुनंदाला, हाक मारली. कडी आतून होती. हात वर करून ती कडी काढायला मला बराच वेळ लागला. सुनंदानं काखेत हात घालून उठवलं.

"हे कुणाला सांगू नको," मी म्हणालो.

"सांगतंय कोण? आधी पाय टाका बघू."

पाय टाकता आला नाही.

निपाणीच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. एकदा, दोनदा, मग दुसऱ्या गुडघ्यावर. पाय हलला नाही. "घरी जाऊ नका," ते म्हणाले. "हितनंच बेळगाव गाठा." सुनंदानं विचारलं, "कपडे तरी घेऊन येऊ?" ते म्हणाले, "कपडे मागनं येतील." त्या वाक्यानं आम्ही दोघं घाबरलो.

एका श्वासात

दवाखान्यात दर दोन तासांनी नर्स यायची आणि म्हणायची, "दीर्घ श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे मोजा." छातीचे स्नायू किती चालतात हे त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग चौदा. दहाच्या खाली आलो तर घशात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सुनंदाला बाहेर सांगितलं होतं. तिनं मला सांगितलं नाही, पण मी मोजताना तिचे ओठ हलायचे, त्यावरून मला कळलं.

एकदा अकराला श्वास संपला. मी हळूच थोडासा आत घेतला आणि बारा, तेरा म्हणालो. नर्स हसली. "सर, कॉपी करायची न्हाय. परत पहिल्यापासून."

बारावर मी दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी तेरा आले, खरे तेरा. सुनंदा वॉर्डाबाहेर जाऊन रडून आली आणि मला म्हणाली, कॅन्टीनला गेले होते.

अंग लुळं पडलं तरी डोकं चालू असतं, हा यातला सगळ्यात वाईट भाग. कपाळावर डास बसलेला कळतो आणि हात उचलत नाही. सुनंदा नाक पुसायची तर मी तिच्यावर ओरडायचो. दुसऱ्या कुणावर ओरडावं असं कुणी जवळ नव्हतंच. बेळगावातच शहापूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, आमचे भाऊजी, एक दिवस दाढीचं सामान घेऊन आले आणि माझी दाढी केली. त्यांना दाढी नीट जमली नाही, हनुवटीला कापलं. तरी त्या दिवशी मला माणसात आल्यासारखं वाटलं. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर एवढं जरूर करा.

शहापूरची गल्ली

तीन आठवड्यांनी सोडलं. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडं रोज जायचं होतं, म्हणून आम्ही आक्काकडं शहापूरला राहिलो. गल्लीत दिवसभर विणकरांच्या मागांचा खडखडाट चालतो. वॉकर धरून मी उंबऱ्याबाहेर आलो तेव्हा पहिल्यांदा रस्ता बघितला. गटारावरच्या फरशा डुगडुगत होत्या. दोन्ही बाजूंना स्कूटर उभ्या होत्या, आणि मधल्या रस्त्यालाही उतार होता, मधे उंच आणि कडेला खाली. उजवा पंजा घोट्यातून वर उचलत नव्हता, त्यामुळं दोन बोटांच्या उंचवट्यालाही अडखळत होता.

त्याहून मोठी अडचण प्रेमाची होती. चार पावलं टाकली की एखाद्या दारातून कुणीतरी यायचं. "आक्काचं भाऊ न्हवं तुम्ही? अगं बाई, धरा की कुणीतरी! या आत, बसा, च्या घेऊन जावा." दंड धरून मला आत नेलं जायचं. एका सकाळी मी तीन घरी चहा प्यालो आणि बत्तीस पावलं चाललो.

मॅडम कन्नड बोलणाऱ्या, मराठी कामापुरती यायची. त्या सुनंदाला रोज ओरडायच्या, "कै बिडरी!" म्हणजे हात सोडा. "पडतील ते, मॅडम," सुनंदा म्हणायची. "जवळ ऱ्हावा. धरू नका. तुम्ही धरला तर त्यांचा पाय काम करत न्हाय, तुमचा हातच काम करतो." सुनंदा हात सोडायची आणि दोन्ही हात माझ्या कमरेशी तसेच पसरून चालायची, कोंबडी धरायला निघाल्यासारखी. आक्का हसायची, मलाही हसू यायचं आणि हसलं की तोल जायचा.

भाऊजी उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत आहेत. सुट्टीच्या दिवशी ते मला तिकडं घेऊन गेले. रस्ते रुंद, रिकामे, एक माणूस नाही. मी खूश होऊन दोनशे पावलं चाललो. घरी येऊन पाहतो तर उजव्या तळव्यातून रक्त. लोखंडाचा एक कीस पायातली सपात फोडून आत गेला होता आणि मला पत्ताच नव्हता. तेव्हापासून बंद बूट घालतो, आणि सुनंदा रोज तळपाय बघते. पायाला कळत नसेल तर डोळ्यांनी बघायलाच हवं, हे लक्षात ठेवा.

एका बागेतही गेलो. आत सपाट वाट होती, पाठ असलेले बाक होते. पण जनावरं शिरू नयेत म्हणून दाराला लोखंडी फिरकी बसवलेली. वॉकर त्यातून जाईना. मोठं फाटक उघडा म्हणून भाऊजींनी रखवालदाराला विनवलं. तो म्हणाला, "किल्ली साहेबांकडं आसत्या." फिरकीला धरून मी थोडा वेळ आतल्या माणसांचं चालणं बघितलं.

कॅम्प

मग भाऊजींनी मला सकाळी रिक्षानं कॅम्पात, लष्कराच्या छावणीत, न्यायला सुरुवात केली. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, वाहनं कमी. मुख्य म्हणजे तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. जवान रांगेनं पळत जायचे, त्यांच्या बुटांचा आवाज मागून यायचा, माझ्याजवळ आले की रांग जराशी बाजूला व्हायची आणि पुढं जायची. कुणी थांबायचं नाही, कुणी हळहळायचं नाही.

विसाव्या वर्षी याच शहरात मी भरतीला पळालो होतो. पळण्यात निवडलो गेलो, छातीच्या मापात कमी पडलो. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण त्यामुळंच मी कॉलेज पुरं केलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आता ती रांग गेली की मी झाडाला टेकून उभा राहायचो. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

कॅम्पात मी वॉकर सोडून काठीवर आलो. दोन महिन्यांत सहाशे पावलं झाली. घरापासून शाळा साधारण एक किलोमीटर आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ते अंतर आपल्या पायांनी चालून वर्गात जायचं, हे मी ठरवलं. डॉक्टर म्हणाले होते, "जे परत यायचं ते पहिल्या वर्षात बरंचसं येतं. वेळ घालवू नका." आणि आम्ही गावी आलो.

बसा की सर

गावात चालणाऱ्या माणसाला वाहन मिळालेलं नसतं, अशी आमच्याकडची समजूत आहे. ती चुकीचीही नाही. पायी जाणारा दिसला की गाडी थांबवून मागं बसवणं ही आमची रीत आहे, आणि मीही आयुष्यभर तेच करत आलो. आता मी काठी घेऊन शाळेच्या रस्त्याला लागलो की दर मिनिटाला एक मोटरसायकल थांबायची.

"बसा की सर, सोडतो."

"नको रे, चालायला सांगितलंय."

"आवो सर, मी कुठं पैसे मागतोय? बसा!"

बहुतेक माझेच विद्यार्थी. प्रत्येकाशी बोलायला थांबायचं, प्रत्येकाला आजार समजावून सांगायचा, आणि थांबून परत निघताना पहिलं पाऊल सगळ्यात अवघड जायचं. चार दिवसांत आईच्या कानावर आलं, सरांना आमची गाडी चालत न्हाय. आई कष्टी झाली. "पोरं मायेनं थांबत्यात, आन तू न्हाय म्हनतोस. आजारपणानं एवढा ताठा आला व्हय रं तुला?"

होळीच्या आधी एका सकाळी तात्या थांबले.

तात्यांबद्दल सांगायला हवं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिथले ते कारकून. मला सातवीनंतर वखारीत घालायचं आईनं ठरवलं होतं. तात्या तिला म्हणाले, "ह्याला हितं आणलंस तर तुलाबी कामावर ठेवणार न्हाय." दहावीच्या परीक्षेला रोज सायकलच्या कॅरिअरवर बसवून त्यांनीच मला केंद्रावर नेलं. आता ते पंचाहत्तरीचे आहेत, स्कूटी चालवतात.

"मास्तर, बस. ऊन लागंल."

"तात्या, चालायचं सांगितलंय मला."

"चाल की उद्या. मी थांबलोय न्हवं?"

दुसऱ्या कुणालाही मी नको म्हणालो असतो. तात्यांपुढं तो शब्द तोंडातून निघाला नाही. मागं बसलो, काठी मांडीवर घेतली आणि उजवा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला. मारुतीच्या देवळाजवळच्या गतिरोधकावर तो पाय निसटला. मला कळलं नाही. बूट रस्त्याला घासत गेला, कशाला तरी अडकला आणि मी रस्त्यावर आपटलो. तात्या तसेच पुढं गेले होते, बोलत होते. मागं कुणी नाही हे त्यांना जरा वेळानं कळलं.

पाय घोट्यात वाकडा दिसत होता आणि दुखत नव्हता. हाड मोडलंय आणि दुखत नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

त्याच दिवशी पायाला प्लास्टर घातलं. घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "दोन महिने बेळगावात राहून जे मिळवलं ते एका हाकेला घालवलंत."

"तात्यांना नको कसं म्हणायचं?"

"तोंडानं!"

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

बंद वखार

प्लास्टर सहा आठवडे होतं. ते काढलं तेव्हा आतला पाय हाताएवढा बारीक झाला होता. सहाशे पावलांवरून पुन्हा शून्यावर आलो. परत वॉकर. जूनमध्ये शाळा उघडली, माझा नववीचा वर्ग दुसऱ्या सरांना दिला. मुख्याध्यापक भले आहेत, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. दारात खुर्ची टाकून मी शाळेला जाणारी पोरं बघायचो. पुढं पुढं आतच बसायला लागलो.

तात्या रोज यायचे. माफी मागायचे नाहीत. आई चहा द्यायची, तो पिऊन तासभर बसायचे आणि जायचे. मला वाटायचं, न यावेत. त्यांच्याकडं बघितलं की राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटायची. ज्या माणसामुळं मी शिकलो त्याच्यावर रागवायचं तरी कसं? हे मी सुनंदालाही बोललो नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय.

श्रावणाच्या सुमाराला एक दिवस ते किल्ल्या घेऊन आले. वखार बंद पडून काही वर्षं झाली. मालक पुण्याला असतात, किल्ली तात्यांकडं.

"चल. तिथं गाडी येत न्हाय," एवढंच म्हणाले.

वखार आमच्या घराच्या मागच्या बाजूलाच आहे. सुनंदानं आणि तात्यांनी चाकाच्या खुर्चीत बसवून मला वखारीच्या मागच्या दारानं आत नेलं. आत लांबच लांब पत्र्याची शेड, खाली शहाबादी फरशी, बायकांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेली. पावसात कोरडी, उन्हात सावलीची. उतार नाही, कुत्री नाहीत, चारी बाजूंनी उंच भिंत. इतकी चांगली जागा मला बेळगावात मिळाली नव्हती. फक्त कोपऱ्याकोपऱ्यातून तंबाखूचा खकाणा अजून उठतो. त्या बारीक धुळीनं शिंक येते, आणि शिंक आली की तोल जातो. पहिल्या दिवशी मी सात वेळा शिंकलो आणि चाळीस पावलं चाललो.

आई एकदा बघायला आली. एका खांबाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "हितं मी बसायची." मग फरशीवर हात फिरवून हात हुंगला आणि पदराला पुसला. 

आता अडीचशे पावलं होतात, काठीवर. डावा पाय बराच आला आहे. उजवा पंजा अजून घोट्यातून वर येत नाही, प्लास्टिकचा पट्टा लावला नाही तर लोंबतो. दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष तेव्हा संपेल. नंतरही थोडंफार येतं असं ते आता म्हणतात, पण ते म्हणताना माझ्याकडं बघत नाहीत.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे. जागा निवडताना आधी सपाटी बघा, मग टेकायला काही आहे का ते बघा, आणि जमलं तर ओळखीची माणसं नसलेली जागा निवडा. माया करणाऱ्यांना नको म्हणायची सवय लवकर करा. मला ती अजून जमलेली नाही.

वखारीच्या मोठ्या फाटकात एक छोटा दरवाजा आहे. त्याची खालची चौकट वीतभर उंच आहे. ती ओलांडली की बाहेर शाळेचा रस्ता. गेल्या आठवड्यापासून रोज शेवटची फेरी मी त्या दरवाज्याशी संपवतो आणि चौकट ओलांडायचा प्रयत्न करतो. डावा पाय पलीकडं जातो. उजवा जात नाही.

काल डावा पलीकडं टाकला, चौकटीला हात लावला आणि उजवा उचलला. पंजा लाकडावर आपटला. तोल गेला आणि मी दोन्ही हातांनी चौकटीला लटकलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. काठी खाली पडली. तात्या दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ते पुढं आले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं.

"परत," ते म्हणाले.

मी पाय मागं घेतला आणि परत उचलला. परत आपटला. तात्यांनी हात सोडले नाहीत.